छाटलेल्या काडीची मुळे
(वनस्पतींचे अंतरंग : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात कलमांच्या निरनिराळ्या रीतींचे वर्णन झाले. परंतु छाटलेल्या काडीस मूळ फुटते ते कोणाच्या आज्ञेने, हा प्रश्न तसाच राहून गेला. ज्याच्या परसात शेवगा आहे, त्याने पावसाच्या तोंडावर रोवलेली जाड फांदी आपसूक जीव धरताना पाहिलेली असते, आणि त्याच ममतेने रोवलेली आंब्याची फांदी वाळून जाते, हेही त्यास ठाऊक असते.

झाडाच्या शेंड्याकडील कोवळ्या पानांत व कळ्यांत ऑक्सिन हे संप्रेरक तयार होते आणि सदर कचेरीतून निघालेला हुकूम महालोमहाल उतरत जावा तसे ते खोडातून खाली उतरत राहते. काडी छाटली की पुढील वाट खुंटते. संप्रेरक छेदापाशी साचते आणि तेथील अन्नवाहिन्यांलगतच्या पेशी पूर्वीचे काम सोडून मुळाचे अंकुर घडवू लागतात. मात्र हुकूम बजावणारा अंमलदार, म्हणजे संप्रेरकास दाद देणारी पेशी, जागेवर नसेल, तर हुकूम कितीही कडक असला तरी व्यर्थ. आंब्याच्या पक्व काडीत नेमके तेच घडते, म्हणून तेथे कोयीच्या रोपावर कलम बांधण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली गवताच्या कोंबाचा शेंडा काही संदेश खाली धाडतो असे अनुमान केले. १९२६ साली फ्रिट्स वेंट याने युट्रेक्ट येथे ओटच्या शेंड्यांतील तो संदेश वाहणारा पदार्थ, म्हणजेच ऑक्सिन, अगारच्या चकतीत उतरवून घेतला. पुढे कोगल व त्याच्या सहकाऱ्यांनी इंडोल ॲसेटिक आम्ल हे ऑक्सिन शोधून काढले ते मानवी मूत्रातून, ही गोष्ट गोमूत्राच्या अभिमान्यांनी उदार मनाने सोसावी! १९३५ साली अमेरिकेतील बॉइस थॉम्सन संस्थेत झिमरमन व विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लाचा मुळे फोडण्याचा गुण दाखवून दिला. झाडात ते लवकर विघटित होत नाही. रोपवाटिकांत आज मुख्यत्वे तेच वापरतात.

डाळिंबाच्या बीपासून मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून 'भगवा'सारख्या वाणाची रोपे छाट कलमाने वा गुटीने करावी लागतात. वर्षभराची, पेन्सिलीच्या जाडीची काडी घेऊन तिचे बूड काही सेकंद इंडोल ब्युटिरिक आम्लाच्या द्रावणात बुडवितात. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २००० पीपीएम, हे प्रमाण प्रचारात आहे. हे आम्ल पाण्यात सहसा विरघळत नसल्याने आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावे लागते. "जरा जास्तच टाका" हा आपल्याकडील सार्वत्रिक सल्ला येथे घातक ठरतो, कारण मात्रा वाढली की बूड काळे पडते आणि डोळे फुटेनासे होतात. शिवाय आपली चिकण काळी माती पाणी धरून ठेवते, नव्या मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. तेव्हा वाळू किंवा कोकोपीट मिसळलेले माध्यम, सावली आणि दमट हवा यांचा बंदोबस्त आधी करावा.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. संप्रेरक निरोगी काडी आणि रोगट काडी असा भेद करीत नाही. तेल्या रोगाने ग्रासलेल्या बागेतील काडीस ते तितक्याच तत्परतेने मुळे फोडते आणि रोग रोपाबरोबर शेतात येऊन दाखल होतो. म्हणून रोप घेताना मुळांचा भरगच्च झुपका पाहून हुरळून जाण्यापूर्वी मातृवृक्ष कोणत्या बागेतला, याची चौकशी करावी. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. परवानाधारकाने खुंट व कलमकाडी कोठून आणली याचे दप्तर ठेवावयाचे असते, आणि गिऱ्हाइकाने ते पाहावयास मागण्यास संकोचण्याचे कारण नाही.