पेटीतला पावसाळा

आषाढ लागला की स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते. त्याच सुमारास शाळेच्या प्रयोगशाळेतही एक गोष्ट घडत असते, पण ती कोणाच्या लक्षात येत नाही. परीक्षा संपल्यावर लाकडी पेटीत बंद करून ठेवलेला सूक्ष्मदर्शक ऑगस्टमध्ये बाहेर काढावा, तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले असतात. ही बुरशी होय. वेळीच पुसली तर ती निघते. राहू दिली तर तिच्यातून पाझरणारी आम्ले भिंगावरचा लेप आणि खुद्द काचही खातात. मग ते भिंग कितीही पुसा, धुरकटच राहते. नवे भिंग महाग असते, आणि खेड्यातल्या शाळेला ते दरवर्षी परवडत नाही.

यावर सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे सिलिका जेल. आमच्या महाविद्यालयात मीही तो करून पाहिला. सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत 50 ग्रॅमची पुडी ठेवली. दोनच दिवसांत निळे खडे गुलाबी झाले, म्हणजे पाण्याने भरले. झाकणाला फट असेल म्हणून कडेने मेण लावले, नवी पुडी ठेवली. तीही गुलाबी झाली. तेव्हा कोठे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. खरे तर आधीच बसायला हवे होते!

तुम्हीही हा हिशेब करून पाहा. 28 अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 27 ग्रॅम बाष्प सामावू शकते. अशा हवेला संपृक्त हवा म्हणतात. कोकणात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता 90 टक्के असणे ही नेहमीचीच गोष्ट. म्हणजे त्या हवेत सुमारे साडेचोवीस ग्रॅम बाष्प असते. पेटीचे आकारमान 20 लिटर धरले, तर आतल्या हवेत पाणी किती? अर्धा ग्रॅम! एवढे तर चिमूटभर सिलिका जेलनेही शोषावे. मग 50 ग्रॅम खडे कशाने भरले?

उत्तर पेटीच्या फळ्यांत आहे. लाकूड हे पाणी धरणारे द्रव्य आहे. भोवतालची आर्द्रता 90 टक्के असेल, तर दर 100 ग्रॅम कोरड्या लाकडात सुमारे 20 ग्रॅम पाणी मुरते. आर्द्रता 60 टक्के असेल तर सुमारे 11 ग्रॅम. पेटीचे कोरडे लाकूड तीन किलो धरा. आतली आर्द्रता 90 वरून 60 वर आणायची तर लाकडातून सुमारे 270 ग्रॅम पाणी, म्हणजे चांगला पेलाभर पाणी, काढावे लागेल. आणि सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश पाणी घेते. माझ्या पुडीने आपले काम चोख केले होते. मीच तिला विहीर उपसायला सांगितले होते. पेटीतला पावसाळा हवेत नव्हता, लाकडात होता.

लाकडाच्या याच गुणाचा मुद्दाम उपयोग करणारी एक पेटी आहे. चिरूट ठेवण्याची. (तंबाखूपासून तुम्ही दूरच राहावे, आपल्याला येथे फक्त पेटीशी कर्तव्य आहे.) युरोपात हिवाळ्यात तापवलेल्या खोल्यांतील हवा फार कोरडी होते आणि चिरूट सुकून तडकतात. म्हणून पेटीला आतून सेद्रेला जातीच्या लाकडाचे अस्तर देतात आणि एक ओला स्पंज ठेवतात. आपल्याकडे ज्याच्या सतारी करतात तो तून वृक्ष याच कुळातला. पेटीत सुमारे 70 टक्के आर्द्रता राखायची असते. हीच पेटी मुंबईच्या जुलैत आणली की सगळेच उलटते! आता पाणी द्यायचे नसून काढायचे असते, आणि स्पंज तसाच राहिला तर तंबाखूला बुरशी धरते. हल्ली अशा पेट्यांसाठी खाऱ्या द्रावणाच्या पुड्या मिळतात. त्यांचा पापुद्रा फक्त बाष्पाला ये-जा करू देतो.

येथे मिठाची गंमत पाहा. संपृक्त मिठाच्या पाण्यावरील बंद हवेची आर्द्रता 100 टक्के होत नाही, 75 टक्क्यांवर थांबते; कारण मिठाने धरून ठेवलेले पाण्याचे रेणू सहज सुटत नाहीत. हवा याहून दमट असेल तर मीठ पाणी ओढते, कोरडी असेल तर सोडते. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तापमान जसे 0 अंशावरून हलत नाही, तसेच न विरघळलेले मीठ आणि द्रावण एकत्र असेपर्यंत हा 75 चा आकडा हलत नाही. बरणीतले मीठ पावसाळ्यातच का पाघळते, ते आता ध्यानात येईल. (खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते. ते 33 टक्क्यांपासूनच पाणी ओढू लागते, म्हणून ते आधी ओलावते.) भिंगांसाठी मात्र 75 टक्के फारच झाले, तेथे 60 च्या आत राहिलेले बरे. तरीही मिठाचा एक उपयोग आहे. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन पाण्याचे थोडे थेंब टाका, चिखलासारखे होऊ द्या, आणि आर्द्रतामापकासह डब्यात रात्रभर बंद ठेवा. सकाळी काटा 75 दाखवत नसेल, तर मापकात तेवढी चूक आहे.

काही जण कपाटात 15 वॅटचा दिवा लावतात. आपली 28 अंशांची हवा 35 अंशांपर्यंत तापली, तर तेच साडेचोवीस ग्रॅम बाष्प जेमतेम 62 टक्के ठरते. पण घट्ट बंद लाकडी पेटीत हा हिशेब फसतो! तापलेले लाकूड पाणी सोडते आणि आर्द्रता उतरत नाही. दिवा लावायचाच तर कपाटाला खाली-वर भोके हवीत.

मग करावे काय? पावसाळ्यापुरता सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीतून काढा आणि रबरी कडेच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. धातू आणि काच पाणी पीत नाहीत. आता 100 ग्रॅम सिलिका जेल पुष्कळ दिवस पुरते, कारण झाकण उघडल्यावर आत येते ते ग्रॅमच्या अंशाइतके बाष्प. खडे भरले की शिक्षकांच्या देखरेखीखाली सुमारे 120 अंशांवर तापवा. ते पुन्हा कोरडे होतात. निळ्या खड्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून नारिंगी खडे घ्या, आणि तापवण्याचे काम स्वयंपाकघरात करू नका. रिकामी लाकडी पेटी वैशाखात पापडांच्या वाळवणाशेजारी उन्हात ठेवायला हरकत नाही. सूक्ष्मदर्शक मात्र ठेवू नका.

लाकूड खरेच इतके पाणी पिते का, अशी शंका येत असेल तर घरातला रंग न दिलेला एखादा पाट घ्या. आठवडाभर उन्हात वाळवून वाण्याच्या तराजूवर त्याचे वजन करा आणि लिहून ठेवा. श्रावणात तोच पाट, पाण्याचा थेंबही न लावता, पुन्हा तोला.