प्रवेशाच्या फॉर्ममधले दोन प्रश्न



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने बारावीनंतरच्या प्रवेशावर काय बोलायचं, असं आम्ही संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "सर, दर उन्हाळ्यात तुम्ही आणि तुमचे निवृत्त मित्र पोरांचे फॉर्म भरून देत बसता, त्यावरच बोला." म्हणून आज शंकराचार्य नाहीत आणि कांटही नाही. आज सेतू केंद्र, तहसील कचेरी आणि सीईटी.

तरी जुनी खोड जात नाही. इतके फॉर्म भरल्यावर आमच्या लक्षात आलं, की ही सगळी यंत्रणा मुलाला शेवटी दोनच प्रश्न विचारते. तू कोण? आणि तुला काय हवंय? पहिल्याचं उत्तर दाखल्यांनी द्यायचं असतं, दुसऱ्याचं पसंतीक्रमाने. आमच्यासमोर बसलेली किती तरी मुलं परीक्षेत हरलेली नसतात, ती या दोन उत्तरांत हरतात.

आधी एक गैरसमज दूर करू. "सर, पोरीला ब्याण्णव पडले," असं पालक आनंदाने सांगतात. ते टक्के नसतात, पर्सेंटाइल असतं. बसलेल्या शंभरांपैकी साधारण 92 जण तिच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर 24,000 जण तिच्या पुढे उभे आहेत. पेढे जरूर वाटा, पण कॉलेजांचे मागच्या वर्षीचे कटऑफ बघून मग बोला.

आता पहिला प्रश्न, तू कोण. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला हे कागद महा ई-सेवा केंद्रातून अर्ज केला की मिळतात. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास यांना नॉन-क्रीमिलेयर लागतं आणि ते पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं. जुनं दाखवून भागत नाही. खरं घोडं अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रावर. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी, हे अजून निम्म्या घरांना माहीत नाही. दाखला महसूल खातं देतं. तो खरा आहे हे जिल्ह्याची जात पडताळणी समिती ठरवते. महाराष्ट्राच्या कायद्याने सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे सरकारने शंका सिद्ध करायची नाही, तुम्ही स्वतःला सिद्ध करायचं. यावर तात्त्विक वाद घालता येईल, पण जुलै महिन्यात नाही.

पुरावा जुना लागतो. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 1950 पूर्वीचा. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली ओळ, अशा कागदांवर वंशावळ उभी करायची. आता सोलापूर डोळ्यांसमोर आणा. 1877 मध्ये इथे जुनी मिल निघाली. मागाच्या आणि मिलच्या कामासाठी तेलंगणातून कुटुंबंच्या कुटुंबं आली. अक्कलकोट तर संस्थान होतं. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी, जुना कागद सापडला तर तो मोडीत. अशा घरातल्या सतरा वर्षांच्या पोराला आपण सांगतो, की पणजोबा कुठे राहत होते ते दाखव.

एका मुलाची गोष्ट सांगतो, नाव नको. घरी यंत्रमाग. मार्क उत्तम. वडिलांचा शाळेचा दाखला 1980 नंतरचा, म्हणजे निरुपयोगी. आजोबा म्हणाले, "मी शाळेत गेलोच नाही, आठव्या वर्षी मागावर बसलो." सगळे हात टेकून बसले. पुढे बोलता बोलता आजोबांना आठवलं, थोरला भाऊ दोन वर्षं नगरपालिकेच्या शाळेत होता. वडिलांकडचं रक्ताचं नातं चालतं, म्हणून आम्ही ती शाळा शोधली. ती दुसऱ्या शाळेत विलीन झालेली. रजिस्टर मिळालं, नोंद मिळाली, जातीच्या रकान्यात जातच लिहिलेली होती. (कैक नोंदींत नुसतं 'हिंदू' असतं, मग पुन्हा शोध.) पण हे सगळं ऑगस्टपर्यंत लांबलं. पोराने खुल्या जागेवर प्रवेश घेतला, पहिल्या वर्षाची पूर्ण फी भरली आणि त्यासाठी घरातला एक माग विकला गेला. हाच शोध अकरावीच्या दिवाळीत सुरू केला असता तर माग राहिला असता. विज्ञान शाखेच्या मुलांना कनिष्ठ महाविद्यालयामार्फत आधीच अर्ज करता येतो. आणि घरात वडिलांकडच्या कोणाची, सख्ख्या काकांची वगैरे, वैधता झालेली असेल तर काम खूपच सोपं होतं. काकांशी बोलणं बंद असेल तर सुरू करा.

दुसरा प्रश्न, तुला काय हवंय. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशात, ज्याला सगळे कॅप म्हणतात, ऑप्शन फॉर्म भरावा लागतो. तिथे सर्रास एक चूक होते. "जे नक्की लागेल ते वर लिहा, नाहीतर हातचं जाईल," असा सल्ला गल्लीतला कोणी तरी देतो. हे साफ चूक आहे, बरं का. संगणक काय करतो? गुणवत्ता यादीतलं पहिलं नाव घेतो, त्याच्या यादीतली वरची मोकळी जागा त्याला देतो, मग दुसरं नाव. तुमची पाळी आली की तुमची पहिली पसंती मोकळी आहे का बघतो, नसेल तर दुसरी, मग तिसरी. अवघड कॉलेज वर लिहिल्याची शिक्षा नाही. वर लिहिल्याने खालचं जात नाही. उलट सोपं कॉलेज पहिलं लिहिलंत आणि ते पहिल्या फेरीत मिळालं, तर तुमची निवड पक्की धरली जाते, ज्याला ऑटो फ्रीझ म्हणतात. पुढच्या फेरीत चांगली जागा रिकामी झाली तरी ती बघत बसायची.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघा गणितज्ञांनी 1962 मध्ये कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवणं यांवर एकत्रच लेख लिहिला होता. त्याच विचाराच्या वाटेवरच्या कामासाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली पद्धत त्यांच्यापेक्षा साधी आहे, पण तिच्यातही खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणाराच फायद्यात राहतो.

हे आम्ही मोठ्या ऐटीत एका आईला समजावलं. त्या विड्या वळतात, कुंभारीच्या वसाहतीत राहतात. मुलगी हुशार, पुण्याचं कॉलेज मिळण्याजोगी. आईने मात्र सोलापूरचं वालचंद पहिलं लिहायला लावलं होतं. आम्ही म्हटलं, "ताई, पुणं वर लिहा, नुकसान काही नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, ते लागलं तर? खोलीचं भाडं, मेसचे पैसे कोण देणार?" आम्ही गप्प झालो. त्यांची यादी खरीच होती. गणित एवढंच सांगतं, की खरी इच्छा लिहा. खरी इच्छा कोणती, हे भाडं धरून ठरतं. मग आम्ही बसून हिशेब केला, आणि सरकारी कॉलेज, मुलींचं वसतिगृह असलेलं कऱ्हाडचं, त्या यादीत पहिलं आलं. तो मधला पर्याय त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. जाता जाता, वालचंद नावाची इंजिनिअरिंग कॉलेजं सोलापुरात आहेत तशी सांगलीतही आहेत. नावावर जाऊ नका, कोड तपासा.

आता पैसा. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलींना शिक्षण फुकट' असं ऐकून पालक निर्धास्त होतात. फुकट आहे ते शिक्षण शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, जेवण, पुस्तकं नाहीत. म्हणून कॉलेजात "फी किती?" असं विचारू नका. शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, असे दोन आकडे मागा. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत, त्याच उत्पन्न मर्यादेत, अर्धं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर फ्रीशिप. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार. नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी मदत आहे. तिला आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, ते ट्रंकेतून काढून ठेवा. इंजिनिअरिंगच्या मंजूर जागांवर 5 टक्के जागा फीमाफीच्या असतात, त्याही कॅपमधूनच भरतात. आणि लक्षात ठेवा, व्यवस्थापन कोट्यातून गेलात की शाहू शिष्यवृत्तीचं दार बंद.

हे अर्ज महाडीबीटीवर भरायचे, विडी कामगारांचा तेवढा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. एका घरात ती तीन वर्षांपूर्वी उघडून विसरलेल्या खात्यात पडून होती, आणि कॉलेज फीसाठी रोज फोन करत होतं. आधार कोणत्या खात्याला जोडलंय, हे बँकेत जाऊन एकदा विचारा.

कित्येक घरांत शिष्यवृत्ती मागायची लाज वाटते. बाबासाहेबांना 1913 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती महिना साडेअकरा पौंडांची, दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या कराराने. मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पुढे सिडनहॅममध्ये शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये ते पुन्हा गेले. शिष्यवृत्ती, बचत, कर्ज, तिन्ही वापरून.

कर्जाबद्दल आताच एक चिठ्ठी आली आहे. "घर गहाण ठेवावं लागेल का?" शैक्षणिक कर्जात 4 लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत विनातारण देता येतं. हप्ते शिक्षण संपल्यानंतर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि संस्था नियमात बसणारी असेल, तर शिकण्याच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. बँकेत जाताना हे विचारून घ्या, साहेब आपणहून सांगतीलच असं नाही.

दुसरी चिठ्ठी अकरावीतल्या मुलीची. "आम्ही आत्ता काय करायचं?" बाई, तू आज घरी गेल्यावर आजोबांना विचार, ते किंवा त्यांचे भाऊ कोणत्या शाळेत होते. शाळेचं नाव आणि साधारण साल, एवढं वहीत लिहून रविवारी आमच्याकडे घेऊन ये.