कोयनेलची कूळकथा

कडू औषध म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना पहिल्याने कोयनेल आठवते. कोयनेल म्हणजे क्विनीन. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पावसाळा सरता सरता ओहोळांचे पाणी संथ होते, खाचरात पाणी साचून राहते, आणि हिवतापाचे दिवस येतात. आधी अंगात हीव भरते, दोन गोधड्या घेतल्या तरी कुडकुडी थांबत नाही. मग सणसणून ताप चढतो. मग दरदरून घाम सुटून माणूस गळून जातो. या दुखण्यावर जगाला तीनशे वर्षे एकच खात्रीचे औषध ठाऊक होते, आणि ते एका झाडाच्या सालीत होते. त्या सालीची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे.

हे झाड आपल्या देशातले नव्हे. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचा पर्वत आहे, त्याच्या उतारावरील दमट जंगलांत ते वाढते. त्याचे नाव सिंकोना. पेरू देशातील एका स्पॅनिश अधिकाऱ्याची पत्नी, चिंचोनची काउंटेस, हिच्या सालीने बरी झाली अशी एक गोष्ट पसरली होती. ती ऐकून लिनिअस या शास्त्रज्ञाने १७४२ साली झाडाला तिचे नाव दिले, आणि देताना त्यातले एक अक्षरही गाळले! पुढे कागदपत्रे तपासली तेव्हा ती गोष्ट खरी नसल्याचे दिसून आले. नाव मात्र राहिले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जेझुइट पाद्र्यांनी ही साल युरोपात नेली, हे मात्र खरे.

आता गंमत पाहा. ही साल औषध म्हणून घेतली गेली तीच मुळी पेयातून. साल विलक्षण कडू. तिची पूड पाण्यात नीट विरघळत नाही, मद्यात अधिक उतरते. इंग्लंडातील रॉबर्ट टॅल्बर नावाच्या वैद्याने हे हेरले. सालीची पूड द्राक्षाच्या मद्यात मिसळून त्याने दुसरा चार्ल्स राजा आणि फ्रान्सचा राजपुत्र यांचा ताप उतरवला. औषधात काय आहे हे तो कोणाला सांगत नसे. फ्रान्सच्या राजाने त्याला मोठी रक्कम देऊन ते गुपित विकत घेतले आणि टॅल्बरच्या मृत्यूनंतर, १६८२ साली, छापून जाहीर केले.

पण सालीत नेमका गुण कशाचा? १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून पांढरा कडू पदार्थ वेगळा काढला. तेच क्विनीन. आता मोजून मात्रा देता येऊ लागली, आणि साऱ्या जगातून सालीला मागणी आली. अँडीजमधील झाडे सोलून सोलून मरू लागली. साहजिकच इंग्रज आणि डच या दोघांनीही आपल्या वसाहतींत सिंकोना लावायचे ठरवले.

१८६० साली क्लेमंट्स मार्कहॅम या इंग्रजाने दक्षिण अमेरिकेतून रोपे व बी आणवले. निलगिरीत उटकमंडला आणि बंगालात दार्जिलिंगजवळ मंगपूला मळे उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रातही प्रयत्न झाला. महाबळेश्वरला लिंगमळा आहे ना, जिथला धबधबा पाहायला लोक जातात, तिथे त्याच दशकात सिंकोनाची लागवड करून पाहिली. पण ती साधली नाही आणि काही वर्षांनी सोडून द्यावी लागली.

सर्वांत सरस बी मात्र डचांच्या हाती लागले. त्यामागे एका आदिवासी माणसाची कहाणी आहे. बोलिव्हियातील मानुएल इंक्रा मामानी हा आयमारा जमातीचा माणूस. कोणत्या झाडाची साल उत्तम हे तो नुसते पाहून ओळखी. त्याने गोळा केलेले बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने १८६५ साली युरोपात पाठवले, आणि डचांनी त्यातले थोडे विकत घेऊन जावा बेटात पेरले. त्या झाडांत इतर जातींच्या कितीतरी पट क्विनीन निघाले. पुढे जगातील दहापैकी नऊ वाटे क्विनीन जावातून येऊ लागले. झाडाच्या जातीला नाव मिळाले ते लेजरचे. मामानीला बी बाहेर दिल्याबद्दल तुरुंगवास आणि मार मिळाला, व त्यातच तो मेला. रानाचे ज्ञान ज्याचे, त्याच्या वाट्याला काय येते, हे आपल्या भागातील माणसांना निराळे सांगायला नको.

आपल्या देशात १८९२ पासून बंगालमध्ये टपालकचेरीत एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली, आणि पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. जिथे डॉक्टर नाही तिथे पोस्टमन आहे, हा त्यातला विचार. आजही तो विचार करण्याजोगा आहे.

गोऱ्या लोकांनी कडू क्विनीन साखर, लिंबू आणि सोडावॉटर यांत घालून पिण्याची रीत पाडली. १८५८ साली लंडनमध्ये इरॅस्मस बाँड याने अशा 'टॉनिक वॉटर'चे पेटंट घेतले. शहरातल्या दुकानात ती बाटली आजही मिळते. पण ते पिऊन हिवताप बरा होईल काय? हिशेब करू या. अमेरिकेच्या कायद्याने अशा पेयात लिटरला फार तर ८३ मिलिग्रॅम क्विनीन चालते. हिवतापाच्या मोठ्या माणसाला डॉक्टर दिवसाला सुमारे १८०० मिलिग्रॅम देत. म्हणजे रोज एकवीस-बावीस लिटर, दोन बादल्या पेय प्यावे लागेल, तेही सात दिवस! औषधाचे पेय झाले, आणि उरला तो नुसता कडू स्वाद.

क्विनीन काम कसे करते? हिवतापाचे जंतू आपल्या तांबड्या रक्तपेशीत शिरून तिथले रक्तद्रव्य खातात. खाऊन उरलेला भाग त्यांना स्वतःलाच विषारी असतो. तो ते घट्ट खडा करून बाजूला टाकतात. क्विनीन हे काम अडवते, असे शास्त्रज्ञ मानतात. चुलीतली राख काढलीच नाही तर चूल विझते, तसेच हे. पण एका जातीचे जंतू यकृतात दडी मारून बसतात. त्यांच्यापर्यंत क्विनीन पोचत नाही. म्हणून पूर्वी उतरलेला ताप महिन्यांनी पुन्हा उलटे.

१९४२ साली जपानने जावा घेतले, क्विनीनचा तुटवडा पडला, आणि क्लोरोक्विनसारखी कृत्रिम औषधे पुढे आली. नंतर चीनमध्ये तू योयो यांनी एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन शोधले. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज क्विनीनची जागा बहुतेक याच औषधांनी घेतली आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. वावर-वांगणीचे नाव १९९२ साली महाराष्ट्रभर झाले ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. अशक्त मुलाला कोणताही ताप जड जातो. हिवताप तर रक्तच खातो. म्हणून मुलाला हीव भरले की सातविणीच्या सालीच्या काढ्यावर दिवस घालवू नका. काढा कडू असला म्हणजे तो क्विनीन होत नाही. आशाताईंकडे किंवा आरोग्यकेंद्रात बोटातून रक्त तपासून घ्या. हिवताप निघाला तर दिलेल्या गोळ्या पुऱ्या करा. दडलेल्या जंतूंसाठी काही रोग्यांना चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची घाई झाली की त्याच अर्ध्यावर राहतात.

गुरुजींना एवढीच विनंती, की घाम सुटून ताप उतरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत हसत आला तरी त्याला विचारा: "बाळ, गोळ्या किती उरल्या?"