तीन पिढ्यांचे घर आणि खानदेशची माती

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील एकत्र कुटुंबांची जुनी घरे बहुधा धाब्याची असत; म्हणजे लाकडी खांब आणि तुळया यांवर कड्या-फळ्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर चोपलेला असे. घराचे मोजमाप खणांत होई. खण म्हणजे दोन तुळयांमधील जागा. संसार वाढला की नवा खण जोडता येई आणि वाटणी झाली की मधे भिंत घालता येई. आज बांधकाम काँक्रीटचे झाले असले, तरी कुटुंब बदलत जाते हे गृहीत धरण्याची ही दृष्टी टाकून देण्याजोगी नाही. तीन पिढ्यांच्या घराची आखणी तिच्यापासूनच सुरू व्हायला हवी.

पहिला प्रश्न जमिनीचा आहे. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि या हालचालीमुळे उथळ पाया वरखाली होऊन भिंतींना तडे जातात. म्हणून पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणे, जोत्याखाली काळ्या मातीऐवजी मुरूम भरणे आणि सर्व कॉलम प्लिंथ बीमने, म्हणजे जोत्याच्या पातळीवरील काँक्रीटच्या तुळईने, एकमेकांना बांधणे आवश्यक ठरते. मातीचा थर फार खोल असेल, तर तळाशी फुगीर कंद असलेले खांब जमिनीत उतरवण्याची, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली पद्धत उपयोगी पडते. धाकट्या मुलासाठी वरचा मजला दहा वर्षांनी चढवायचा असला, तरी त्याचा भार पायाच्या हिशेबात आजच धरावा लागतो, कारण पाया नंतर वाढवणे महाग आणि जिकिरीचे असते.

दुसरा प्रश्न उन्हाचा आहे. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने मेच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे घर सर्वांत जास्त तापते ते छतातून. धाब्याचा मातीचा थर ही उष्णता अडवीत असे. उघडा स्लॅब मात्र दिवसभर तापून रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. विटांच्या तुकड्यांचा चुन्यातील कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी हा त्यावरील परिचित उपाय आहे. जिना, कोठीची खोली आणि न्हाणीघरे पश्चिमेला ठेवल्यास दुपारचे ऊन त्यांच्यावर अडते आणि निजण्याच्या खोल्या वाचतात.

आजी-आजोबांची खोली तळमजल्यावर असावी, कारण तेथे जिना चढावा लागत नाही आणि वरच्या मजल्यामुळे छतही तापत नाही. खोलीला लागूनच शौचालय, ९० सेंटिमीटर रुंद दार आणि चाकांची खुर्ची वळवण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. रॅम्पच्या उताराचे प्रमाण एकास बारा धरले जाते. त्या हिशेबाने ६० सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो आणि ती जागा प्लॉटवर आधी राखली नाही तर नंतर मिळत नाही. जिना असा असावा, की तो घरातून वापरता यावा आणि गरज पडल्यास थेट ओट्यावरूनही. वर दुसऱ्या स्वयंपाकघरासाठी नळाची व सांडपाण्याची जोडणी आणि वेगळ्या वीजमीटरची जागा राखून ठेवली, तर उद्या चुली वेगळ्या झाल्या तरी घर मोडावे लागत नाही.

एकत्र राहण्याच्या जागा मात्र सढळ असाव्यात. खापरावरचे मांडे, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि लग्नाचा स्वयंपाक बंद स्वयंपाकघरात मावत नाही. त्यासाठी परसदारी चुलीची जागा लागते, आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यात वारा मुख्यत्वे पश्चिमेकडून वाहत असल्याने ती घराच्या पूर्वेला ठेवल्यास धूर आत येत नाही. वाळवणासाठी गच्चीवर पोचणारा जिनाही रुंद आणि सोपा हवा.

शेवटचा प्रश्न कागदाचा आहे आणि तो वीट रचण्यापूर्वी सुटला पाहिजे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून वडिलोपार्जित प्लॉटवर भाऊ बांधकाम करणार असतील, तर बहिणींचा हिस्सा मान्य करून, किंवा त्यांनी स्वेच्छेने सोडला असल्यास तसे हक्कसोडपत्र नोंदवून, कोणाचा किती पैसा लागला हे लेखी ठेवणे न्याय्य आहे. असा करार अविश्वासाचे लक्षण मानला जातो, तो समज चुकीचा आहे. ज्या घरात प्रत्येकाचा हक्क आणि प्रत्येकाची वेगळी होण्याची मुभा आधीच मान्य झालेली असते, त्या घरात एकत्र राहणे ही सक्ती न उरता निवड होते.