मुक्त पतनाची गणितं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुक्त पतनाची समीकरणं दहावीत तोंडपाठ होतात, तरी उत्तरं चुकतात. आकडेमोड बरोबर असते. वस्तूचं नेमकं काय होतंय, तेच चुकीचं धरलेलं असतं. (उदाहरणांत हवेचा विरोध धरलेला नाही. गुरुत्व त्वरण सुमारे ९.८ मी/से² असतं. सोयीसाठी १० घेतलं आहे.)

गैरसमज १: जड वस्तू आधी पडते.
वस्तुस्थिती: जड वस्तूवर गुरुत्वबल जास्त असतं, पण तिला गती द्यायलाही त्याच पटीत जास्त बल लागतं. त्यामुळे त्वरण सारखंच राहतं. पीस रेंगाळतं ते हवेमुळे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. तिथे हवा नाही. दोन्ही बरोबरच खाली पोहोचली.

गैरसमज २: वर फेकलेल्या चेंडूचं त्वरण सर्वांत उंच बिंदूवर शून्य होतं.
वस्तुस्थिती: शून्य होतो तो वेग, आणि तोही क्षणभरच. हातातून सुटल्यापासून चेंडूवर फक्त गुरुत्वबल असतं, म्हणून वर जातानाही ते मुक्त पतनच. त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता.

गैरसमज ३: वस्तू जमिनीवर थांबते, म्हणून अंतिम वेग शून्य.
वस्तुस्थिती: जमिनीचा स्पर्श झाला की दुसरं बल येतं आणि मुक्त पतन संपतं. समीकरणं त्याच्या आधीच्या क्षणापर्यंतच चालतात. २० मीटरवरून सोडलेला दगड २ सेकंदांत जमिनीशी येतो, तेव्हा त्याचा वेग २० मी/से असतो.

गैरसमज ४: वर जाणं आणि खाली येणं यांची गणितं वेगवेगळी करावी लागतात.
वस्तुस्थिती: दिशा एकदाच ठरवली की एक समीकरण पुरतं. २५ मीटर उंच मनोऱ्यावरून चेंडू २० मी/से वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर कधी पडेल? वरची दिशा धन धरा. मग सुरुवातीचा वेग +२०, त्वरण −१० आणि विस्थापन −२५, कारण चेंडू शेवटी सुरुवातीच्या जागेच्या २५ मीटर खाली असतो. काळाला ‘क’ म्हटलं, तर −२५ = २०क − ५क². उत्तरं दोन: ५ आणि −१. चेंडू ५ सेकंदांनी पडतो.

इथे बरेच जण विस्थापन +२५ लिहितात आणि समीकरण सुटतच नाही. ते सुटणारही नाही, कारण त्याचा अर्थ ‘चेंडू मनोऱ्याच्या २५ मीटर वर कधी असेल’ असा होतो, आणि हा चेंडू २० मीटरच वर जातो.

−१ हे उत्तरही निरर्थक नाही. हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मी/से वेगाने वर फेकला असता, तर मनोऱ्याच्या टोकापाशी तो याच २० मी/से वेगाने पोहोचला असता. म्हणून आकडे घालण्याआधी आकृती काढून दिशेचा बाण दाखवा आणि उत्तर आलं की प्रत्येक चिन्ह काय सांगतं ते वाचा.