तेल जाते कुठे?

7 ऑगस्ट 2010 रोजी न्हावाशेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-3’ ही जहाजे बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’तून सुमारे 800 टन तेल सांडले आणि त्याचा काळा तवंग रायगडच्या पुळणींना व तिवरांना येऊन लागला. नारळी पौर्णिमा अवघ्या सतरा दिवसांवर होती. तटरक्षक दलाने जहाजांतून व हेलिकॉप्टरमधून तवंगावर रसायन फवारले.

तवंग दिसेनासा झाला म्हणजे तेल नाहीसे झाले, असा आपला समज असतो. वस्तुतः तेलकट भांडे साबणाने धुतले की ओशटपणा भांड्यावरून मोरीत जातो, इतकेच! या रसायनाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. दोहोंमधील ताण कमी होतो आणि लाटांच्या घुसळणीने तवंगाचे मिलिमीटरच्या दशांशाहूनही बारीक थेंब होतात. ते वर येऊन पुन्हा एकत्र होत नाहीत. प्रवाहाबरोबर विरळ होत जातात आणि तेलावर जगणारे जिवाणू त्यांचा हळूहळू फडशा पाडतात. खोल, मोकळ्या समुद्रात हा उपाय योग्य ठरू शकतो, हे मान्य केले पाहिजे. तिवराची श्वसनमुळे एकदा तेलाने माखली की झाड गुदमरते. त्यापेक्षा तेल बाहेरच पांगलेले बरे.

तथापि, तेल ताजे हवे. जड इंधन पाण्याशी घुसळून लोण्यासारखे घट्ट झाले की फवारणी व्यर्थ. शिवाय पाणी खोल हवे. धरमतरच्या खाडीत किंवा उरणच्या चिखलवटीत ओहोटीला थेंब विरळ व्हायला पाणी आहे कुठे? तिथे कालवे आणि तिसऱ्या पाणी गाळूनच जगतात. मासळीची अंडी, पिल्लेही तिथेच. 1967 साली ‘टॉरी कॅन्यन’ जहाज फुटल्यावर ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सुमारे 10,000 टन रसायन ओतले गेले. तेलापेक्षा त्या धुलाईनेच खडकांवरचे शंखजीव अधिक मेले आणि किनारा सावरायला दशकाहून अधिक काळ लागला. आजची रसायने तितकी विषारी नाहीत, हे खरे. पण पांगलेले तेल ते तेलच. म्हणूनच ब्रिटनमध्ये 20 मीटरपेक्षा उथळ पाण्यात फवारणीसाठी खास परवानगी घ्यावी लागते.

म्हणजे प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. पक्षी आणि तिवरे वाचवायची, की पाण्याखालची मासळी, हा निवाडा काही तासांत करावा लागतो. तो अधिकाऱ्यांनी करावा, याला हरकत नाही. पण भरती-ओहोटी पाहून कालवे काढायला खडकावर उतरणाऱ्या बाईला तो कोण सांगणार? 2010 मध्ये गिऱ्हाइकांनी मासळीकडे पाठ फिरवली, तेव्हा खरी माहिती कमी आणि धास्ती जास्त होती. फवारणी कुठे, किती झाली आणि नंतर तिसऱ्यांच्या तपासणीत काय आढळले, हे मच्छीमार सोसायट्यांच्या फलकांवर मराठीत लागले पाहिजे. कालवांचे खडक, खाजणे आणि मासळी विणीच्या जागा दाखवणारा नकाशा तर अपघाताआधीच तयार हवा. तवंग दारात आल्यावर नकाशा कोण काढणार? पुढचे वर्ष पुरे होण्याआधीच, 4 ऑगस्ट 2011 रोजी, ‘रॅक’ हे कोळशाचे जहाज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले आणि त्याचे तेल पाण्यावर येऊ लागले.