मूर्तिजापूरहून चिखलदरा : दोन दिवसांची सहल

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. मूर्तिजापूर पूर्णेच्या खोऱ्यात, सुमारे ३०० मीटरवर. दर हजार मीटर चढाला हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंडावते. त्यामुळे वऱ्हाडात पारा ४५ अंशांना भिडतो तेव्हाही चिखलदऱ्यातली सकाळ-संध्याकाळ सुखद असते.

सहलीचा बेत आखताना आधी ऋतू ठरवावा. पावसाळ्यात धबधबे वाहतात, डोंगर हिरवे होतात. मात्र दाट धुक्यामुळे पॉइंटवरून पलीकडचे काहीच न दिसण्याची शक्यता असते. ज्यांना दऱ्या आणि किल्ला नीट पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हिवाळा उत्तम. त्या दिवसांत रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून स्वेटर-शाल जवळ हवी. पावसाळ्यातील सुट्ट्यांच्या दिवशी मोठी गर्दी होते. मुक्कामाची खोली आधीच ठरवलेली बरी.

पूर्वी मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर अंतर शकुंतला या नॅरोगेज गाडीने जाता येई. ती बंद पडल्यापासून रस्ता हाच आधार आहे. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा असा हा मार्ग आहे. अंजनगावच्या परिसरात केळीच्या बागा आणि पानमळे दिसतात. परतवाड्यानंतर घाट लागतो. पेट्रोल, औषधे आणि रोख पैसे यांची सोय परतवाड्यातच करून घ्यावी. घाटात वळणे, धुके आणि वन्यप्राणी असल्याने उजेडातच वर पोहोचता येईल अशा बेताने निघावे.

पहिल्या दुपारी देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट आणि भीमकुंड पाहून होतात. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले, अशी आख्यायिका आहे. चिखलदरा हे नाव ‘कीचकदरा’वरून आल्याचे सांगतात. येथे कॉफीही पिकते. चिखलदऱ्याची रबडी प्रसिद्ध आहे.

दुसरी सकाळ गाविलगडासाठी राखून ठेवावी. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात बांधून घेतलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला आणि वऱ्हाडावरचा हक्क सोडावा लागला. दरवाजे, तोफा आणि तलाव पाहत फिरायचे तर दोन-तीन तास लागतात. सावली कमी असल्याने पाणी सोबत घ्यावे.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील सेमाडोह किंवा कोलकासला जाता येते. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते, त्यामुळे वनविभागाकडे आगाऊ चौकशी करावी. जंगलात आणि किल्ल्यावर प्लॅस्टिक टाकू नये. आपला कचरा परतवाड्यापर्यंत खाली आणावा.